तीन किल्ल्यांची पेटी

बेटावरच्या क्लाचिना बंदरात फेरीबोटीतून उतरलं की समोर तिकिटाची खिडकी. त्या खिडकीत बावीस वर्षं विन्का बसते. खिडकीच्या डाव्या हाताला पायऱ्या चढून वर गेलं की गावचा तेलाचा घाणा, आणि घाण्याच्या दारावर पांढराशुभ्र दगड. तो दगड कोरलाय विन्काच्या थोरल्या भावानं, कुझ्मानं. बेचाळीस अक्षरं आणि आकडे, एका ओळीत, एकही चूक नाही. साऱ्या बेटावर असा दुसरा दगड नाही. बेटावर कशाला, जगात नसेल. कुझ्मा तरी तसंच म्हणतो, आणि त्याला खोटं पाडायला अजून कुणी आलेलं नाही.

पण दगडाच्या आधी विन्काचं सांगायला हवं, कारण विन्का नसती तर दगडावर कोरायला काही नसतंच.

ती कुझ्माहून अकरा वर्षांनी धाकटी. बाप दगडाच्या खाणीत दगावला तेव्हा ती चार वर्षांची होती. कुझ्मानं आठवीनंतर दप्तर ठेवलं आणि छिन्नी धरली. बहिणीला मात्र त्यानं समोरच्या किनाऱ्यावर, स्प्लिट शहरात कॉलेजात घातलं. "मी दगड फोडले म्हणून ही शिकली," हे तो भेटेल त्याला ऐकवतो. विन्का ऐकून घेते. एकदाच म्हणाली होती, "खरंय कुझे. आणि तुझी बिलं कोण लिहितं, तेही सांग ना लोकांना."

कॉलेज दोनच वर्षं झालं. आई अंथरुणाला खिळली, विन्का परत आली आणि तिकिटाच्या खिडकीत बसली. दुसरी कुणी असती तर नशिबाला बोल लावत बसली असती. हिनं खिडकीत बसल्या बसल्या उतारूंकडून इटालियन उचललं, जर्मन उचललं, इंग्रजी तर पाण्यासारखं. हिवाळ्यात दिवसाला दोनच बोटी. मधले सहा तास ती काय करायची? वाचायची. मिळेल ते.

आठ वर्षांपूर्वी जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला आणि तीन दिवस बोट आली नाही. एक एस्टोनियाचा पोरगा बंदरावर अडकला. काडीसारखा, पातळ जाकीट, खांद्याला संगणक. विन्कानं त्याला घरी नेऊन माशाचं सूप पाजलं. त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं, म्हणून त्यानं तीन दिवस तिला एक विद्या शिकवली. बँक मध्ये न घेता जगाच्या या टोकाहून त्या टोकाला पैसे कसे पाठवायचे, नाण्याऐवजी टोकन कशी असतात, ती ज्या वहीत मांडली जातात ती वही हजार ठिकाणी एकदमच कशी लिहिली जाते. विन्कानं सगळं जुन्या तिकिटांच्या पाठीवर उतरवून घेतलं. पुढच्या जानेवारीत त्या पोराचं पत्र आलं, त्यात त्यानंच तिला चार शंका विचारल्या होत्या.

"बघा!" कुझ्मा ते पत्र खिशात घालून महिनाभर गावभर हिंडला. इंग्रजीचं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, पण पत्र उलटं धरलंय असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आता घाण्याचं. गावातली चौसष्ट घरं मिळून तो घाणा चालवतात. शंभर वर्षांपूर्वी याच घरांतली निम्मी माणसं जहाजात बसून चिलीला गेली. त्यांच्या नातवंडांना इकडची ओढ. प्रत्येकानं इथलं एकेक ऑलिव्हचं झाड मानलेलं. झाडाचा कुम म्हणतात, म्हणजे त्या झाडाचा धर्मबापच. वर्षाला झाडासाठी तीस-चाळीस डॉलर पाठवायचे आणि हिवाळ्यात तेलाची बाटली घ्यायची. पण चिलीहून बँकेतून निघालेले चाळीस डॉलर इथं पोचेपर्यंत बावीस उरायचे, तेही महिन्यानं. विन्का म्हणाली, "मी पेटी करते."

पेटी म्हटल्यावर म्हातारी मंडळी खूश झाली. गावच्या जुन्या बंधुसंघाची लाकडी पेटी अजून घाण्यात आहे. तिला तीन कुलपं. किल्ल्या तिघांकडे, आणि तिघं एका टेबलाशी उभे राहिल्याशिवाय झाकण उघडत नसे. एका दिवसात पेटी दोनदा उघडायची नाही हा दुसरा नियम. बंद केल्यावर प्रत्येकानं एक घोट प्रोशेक, म्हणजे इथली गोड वाइन, प्यायचा हा तिसरा, आणि तोच सगळ्यांना तोंडपाठ. विन्कानं संगणकातली पेटी तशीच केली. तीन किल्ल्या, तिन्ही लागल्या तरच पैसे हलणार. किल्ली म्हणजे अंगठ्याएवढं यंत्र, त्याला चार आकड्यांचा गुप्त नंबर. एक किल्ली विन्काकडे. दुसरी बार्बा प्रोश्पेरकडे. घाण्याचा मुकादम तो, एक्याऐंशी वर्षांचा, गावात सगळे त्याला बार्बाच म्हणतात, म्हणजे काका. तिसरी येरोलिमकडे.

येरोलिम कुझ्माचा बालमित्र. खाडीपलीकडे राहतो, मासे धरतो, चाळीस झाडं राखतो. दोघं लहानपणी एका होडीतून बुडाले होते, एकाच दोरीनं वर आले होते. आणि एका दगडावरून चार वर्षं बोलत नव्हते.

झालं असं. पेटीला पत्ता असतो, बेचाळीस अक्षरांचा. चिलीची माणसं तोच पत्ता घालून पैसे पाठवायची. कुझ्मानं ठरवलं, हा पत्ता दारावर कोरायचा. बंधुसंघाचं नाव नव्हतं का कोरलेलं? दोन महिने खपून त्यानं कोरला. बसवायच्या दिवशी बँड आणला. सगळ्या गावासमोर येरोलिम म्हणाला, "कुझ्मा, संगणकातल्या गोष्टी वर्षाला बदलतात. उद्या पत्ता बदलला तर काय दगड चाटणार का?"

"तुझ्यासारखी माझी गोष्ट वर्षाला बदलत नाही," कुझ्मा म्हणाला. "नीट बघ, रेषभर वाकडं अक्षर दाखव."

"अक्षर सरळ आहे रे. डोकं वाकडं आहे."

मग शब्दानं शब्द वाढला. शेवटी येरोलिमनं खिशातून किल्ली काढली आणि चुन्याच्या घमेल्यात फेकली. "घाल तुझ्या दगडाखाली!" म्हणाला आणि होडीत बसून गेला. विन्कानं मागाहून पेटीतून त्याची किल्ली रद्द केली आणि तिसरी किल्ली कुझ्माच्या नावानं लावली.

अशी चार वर्षं गेली. पेटी भरली. अठ्ठावन्न हजार युरोंच्या वर. आणि गेल्या हंगामात जुना घाणा बसला. ऑलिव्ह गोणीत भरून पलीकडच्या गावात न्यावी लागली, तिथं तीन दिवस रांगेत तापली, तेल आलं ते चपलेला लावायच्या लायकीचं. बार्बा प्रोश्पेरनं ते चाखलं आणि थुंकलं. एक्याऐंशी वर्षांत तो पहिल्यांदा घाण्यात थुंकला.

नवा घाणा इटलीतला एक कारखानदार देणार होता. त्याची अट: सगळी रक्कम शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, नाहीतर यंत्र ग्रीसच्या गिऱ्हाइकाला जाणार. आणि पैसे हवेत ते टोकनमध्ये, तेही नव्या नेटवर्कवर, म्हणजे तशाच एका नव्या वहीत. गावची पेटी होती जुन्यावर. तिथं हल्ली एकेका पाठवणीला वीस-पंचवीस युरो टोल जायचा, चिलीवालेही कुरकुरायला लागले होते. नव्यावर पाच सेंट.

"म्हणजे सगळं उचलून तिकडं न्यायचं," विन्का म्हणाली. "दोन नेटवर्कांत पूल असतो. इकडं टोकन पुलावर ठेवायची, तिकडं तेवढीच उतरतात."

सोमवारी सकाळची बोट गेल्यावर तिघं घाण्यात जमले. विन्का, बार्बा आणि कुझ्मा. टेबलावर पाव, खारवलेले सार्डिन मासे, प्रोशेकची बाटली. विन्कानं संगणक उघडला.

"आधी दहा युरो पाठवू," ती म्हणाली. "पोचले की मग बाकीचे."

बार्बानं मान हलवली. "पोरी, दहा पाठवायला पेटी उघडली. मग बाकीच्याला पुन्हा उघडायची. एका दिवसात दोनदा?"

"मग दहा आज, बाकीचे उद्या."

"उद्या माझं स्प्लिटला काम आहे," कुझ्मा हसत म्हणाला. "आणि कसली भीती गं? पत्ता विसरलीस का? दारावर आहे. दगडात आहे."

विन्कानं दाराकडे बघितलं. आदल्या आठवड्यात तिनं स्वतःचे वीस युरो पुलावरून नेऊन पाहिले होते. पत्ता तोच ठेवला होता आणि तिकडेही तो तिचाच निघाला होता. "बरं," ती म्हणाली. "वाच."

कुझ्मा दारात उभा राहून दगडावरचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचू लागला. देवळात वाचावं तसं. विन्कानं टाइप केलं, बार्बानं चष्मा लावून ताडून पाहिलं. तीन किल्ल्या लागल्या. अठ्ठावन्न हजार पुलावर गेले. घोट घोट प्रोशेक झाला.

वीस मिनिटांनी विन्कानं तिकडं पाहिलं. पैसे पोचले होते. पत्ता बरोबर. आकडा बरोबर. पेटी मात्र नव्हती.

"म्हणजे?" कुझ्मानं विचारलं.

विन्काचा चेहरा चुन्यासारखा झाला. पण आवाज तिकिटं देताना असतो तसाच. "कुझे, आपल्या गावात सतरा नंबरचं घर आहे ना? समज दुसऱ्या गावात सतरा नंबरचा प्लॉट आहे. मोकळा. तू सामान नेऊन त्या प्लॉटवर उतरवलंस, नंबर तर बरोबर आहे. पण घरच नाही. दार नाही, कुलूप नाही. मग किल्ली कुठे लावणार?"

"तुझे वीस युरो मग कसे पोचले?"

"माझं पाकीट म्हणजे नुसती किल्ली. ती कुठल्याही गावी चालते. पेटी बांधावी लागते, तीही त्या त्या गावात. ती मी बांधायलाच हवी होती. माझी चूक."

कुझ्मा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. दहा युरो आधी पाठवू, असं तीच म्हणाली होती. हसणारा तो होता. आणि चूक ती स्वतःची म्हणत होती.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बेकरीवाली लुक्रित्सा पाव देता देता मोठ्यानं म्हणाली, "तिकिटं फाडणारीच्या हातात अठ्ठावन्न हजार दिल्यावर दुसरं काय होणार? फाटायचंच."

कुझ्मा रांगेत होता. "लुक्रित्सा, माझ्या बहिणीनं बावीस वर्षांत एक तिकीट चुकीचं फाडलं असेल तर सांग. तुझा पाव रोज करपतो त्याचं आधी बघ." आणि पाव न घेताच निघाला. 

मंगळवारी विन्कानं दोन्ही बोटींच्या मधे खिडकी बंद करून दिवसभर वाचलं, त्या एस्टोनियाच्या पोराशीही दोनदा बोलली. दुपारी ती घाण्यात आली तेव्हा कुझ्मा स्प्लिटचं काम टाकून बार्बापाशी बसला होता. तिचे डोळे लाल होते, पण चाल पक्की.

"प्लॉटवर कुणी दुसरा घर बांधू शकत नाही," तिनं सांगितलं. "पैसे सुरक्षित आहेत. आपण बांधू शकतो, त्याच नंबरवर. पण एक अट आहे. घर अगदी पहिल्या दिवशी जसं होतं तसंच बांधायचं. जन्माच्या वेळी ज्या तीन किल्ल्या होत्या त्याच. मागाहून बदललेली चालत नाही."

"म्हणजे माझी नाही?" कुझ्मा.

"तुझी नाही. माझी, बार्बांची आणि येरोलिमची."

बार्बानं कपाळाला हात लावला. "येरोलिमची किल्ली त्यानं चुन्यात फेकली होती."

"तिची चिठ्ठी असते, चोवीस शब्दांची. ती मिळाली तरी नवी किल्ली करता येते. मी फोन केला त्याला." विन्का खुर्चीवर टेकली. "म्हणाला, चिठ्ठी त्याच दिवशी चुलीत घातली. आणि यंत्र? त्या दिवशी झाडलोट झाली, चुन्याबरोबर गेलं असेल. मी उद्या उकिरडा उकरून बघणारच आहे, पण चार वर्षं झाली."

कुझ्माची नजर दाराकडे गेली. कारण ते यंत्र कुठे आहे हे जगात एकट्या कुझ्माला माहीत होतं.

पाथरवटाची रीत असते. चांगला दगड बसवताना त्याच्या पाठीमागच्या पोकळीत नाणं ठेवायचं. बापानं शिकवलेली रीत. त्या दिवशी राग इतका होता की कुझ्मानं नाण्याऐवजी चुन्यातलं यंत्र उचललं, तंबाखूच्या डबीत घातलं आणि दगडामागे ठेवलं. "घाल म्हणालास ना? घे, घातली." मग वरून असा चुना भरला की तीनशे वर्षं दगड हलू नये.

तो काढायचा म्हणजे फोडायचा. निदान तुटायची भीती शंभरात पन्नास. बेचाळीस अक्षरं. दोन महिने. त्याच्या हातून पुन्हा तसं होणार नाही, छप्पन्नाव्या वर्षी मनगट थरथरतं, हे त्यानं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

विन्का गेल्यावर बार्बा प्रोश्पेरनं खिशातून एक कागद काढला. "हे बघ. सकाळी माझ्याकडे देऊन गेली."

विन्काचं टापटीप अक्षर. शुक्रवारपर्यंत पैसे न मिळाल्यास बंदरावरचं माझं दोन खोल्यांचं घर घाण्याच्या नावे करावं. खाली सही.

"हे कुणी सांगितलं लिहून द्यायला?" कुझ्माचा आवाज चिरकला.

"कुणी नाही. मी म्हटलं, पोरी, नियम माझा होता, हट्ट तुझ्या भावाचा होता. तर म्हणते कशी, बार्बा, बटण माझ्या बोटानं दाबलं." म्हातारा कागदाची घडी घालू लागला. "तुझी बहीण आहे म्हणून सांगत नाही, कुझ्मा..."

"माझी बहीण आहे म्हणूनच सांगा," कुझ्मा म्हणाला आणि टोपी उचलली.

खाडीपलीकडे तो बुधवारी सकाळी चालत गेला. होडी मागायला लाज वाटली. येरोलिम किनाऱ्यावर पालथ्या होडीला डांबर लावत बसला होता. त्यानं वर बघितलं नाही.

"काय रे, दगड पडला का डोक्यात?"

"तुझं खरं झालं."

"काय म्हणालास? वाऱ्यानं ऐकू आलं नाही."

वारा पान हलवण्यापुरताही नव्हता. कुझ्मानं दात आवळले. "तुझं खरं झालं म्हटलं. पत्त्याचं."

येरोलिमनं ब्रश खाली ठेवला. "चार वर्षं मी या वाक्याची वाट बघत होतो. आता ऐकलं तर काही मजा येईना. विन्कानं सांगितलं मला. कुझ्मा, माझ्याकडे खरंच नाही रे ती चिठ्ठी. रागाच्या भरात घातली चुलीत. असती तर त्याच पायी आलो असतो, तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी. माझ्या आईच्या आजारपणात तिनं सहा महिने फुकट तिकिटं... म्हणजे स्वतःच्या पगारातून फाडलीत. तुला माहीत नसेल."

कुझ्माला माहीत नव्हतं. बहिणीबद्दल त्याला माहीत नसलेलं काही या जगात आहे, हेच त्याला माहीत नव्हतं.

"किल्ली आहे," तो म्हणाला.

"कुठे?"

"तू म्हणालास तिथंच."

येरोलिमला आधी कळलं नाही. मग कळलं. मग तो असा हसला की डांबराचा डबा लवंडला. "अरे गाढवा! खरंच दगडाखाली?"

"मागे."

"आणि चार वर्षं मी त्या दाराखालून मान वर करून जात होतो!" त्यानं डोळे पुसले. "येतो. नंबर माझ्या डोक्यात आहे. पण दगड तू काढायचास. भर सकाळी, लोकांसमोर. बसवलास तेव्हा बँड होता ना?"

"बँड बोलावू का?" कुझ्मा चिडून म्हणाला.

"नको. बँडवाल्यांना पैसे कुठून देणार? प्लॉटवर पडलेत ना."

गुरुवारी दहाची बोट गेली आणि सगळं गाव घाण्यासमोर जमलं. लुक्रित्सा पीठभरल्या हातांनी आली. विन्का खिडकीला कुलूप लावून धावत वर आली, तेव्हा कुझ्मा शिडीवर होता.

"कुझे, काय करतोयस? खाली उतर!"

"किल्ली मागे आहे. मीच ठेवली होती." त्यानं तिच्याकडे न बघता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "दहा युरो आधी पाठवू असं विन्का म्हणाली होती. मी हसलो. हेही ऐकून ठेवा. लुक्रित्सा, तू विशेष."

मग छिन्नी लावली. बापाची छिन्नी, बारीक पात्याची. चुना केसभर केसभर खरवडत आणायचा, लाकडी पाचर घालायची, पाचरीला पाणी पाजायचं, ती फुगेपर्यंत थांबायचं. ठोकायचं नाही. दोन तास लागले. कुणी हललं नाही. येरोलिम खाली शिडी धरून उभा होता. एकदा कुझ्माचं मनगट थरथरलं. येरोलिमनं ते बघितलं, आणि दुसऱ्या शिडीवरून वर चढून दगडाचं वजन खांद्यावर घेतलं.

दगड सुटला. खालचा डावा कोपरा बोटभर उडाला. अक्षरांना ओरखडासुद्धा नाही. बेचाळीसच्या बेचाळीस जागच्या जागी. आता मला सांगा, असं काम दुसऱ्या कुणाला जमलं असतं?

डबी गंजली होती, आत यंत्र कोरडं. टेबलावर संगणकाला जोडलं तेव्हा छोटा पडदा उजळला आणि बाहेर दारातून लोकांनी एकदम श्वास घेतला.

"तीनदा चुकलं तर सगळं पुसतं," विन्का म्हणाली. "सावकाश."

"सावकाश काय! होडीचा नंबर आहे." येरोलिमनं चार आकडे दाबले. चूक. त्याच्या कपाळावर घाम आला. "थांब... ही तर नवी होडी. तेव्हा बापाची होती." पुन्हा चार आकडे, एकेक करत. पडद्यावर हिरवी खूण.

विन्कानं पुढची पंधरा मिनिटं जे केलं ते कुझ्माला कळलं नाही, पण तो तिच्या हातांकडे बघत होता. बाप दगडावर रेघ आखायचा तेव्हा त्याचे हात असेच चालायचे, न घाबरता, न घाई करता. जन्माच्या दिवसाचा सगळा तपशील तिनं जुन्या तिकिटांच्या गठ्ठ्यातून काढला होता. इतकी वर्षं जपलेली तिकिटं. तीच तीन नावं, त्याच क्रमानं. नव्या नेटवर्कवर मोकळ्या प्लॉटवर पेटी उभी राहिली आणि तिच्या पोटात अठ्ठावन्न हजार दिसले.

"आता दहा युरो पाठवायचे," विन्का म्हणाली. "कारखानदाराला. पोचले असं त्याचं उत्तर आलं की बाकीचे. आजच."

सगळ्यांनी बार्बा प्रोश्पेरकडे बघितलं. एका दिवसात दोनदा. म्हाताऱ्यानं कोपऱ्यातल्या लाकडी पेटीकडे बघितलं, मग विन्काकडे.

"तो नियम माझ्या आजोबांच्या वेळचा," तो म्हणाला. "तेव्हा विन्का नव्हती." आणि आपली किल्ली पुढे केली.

दहा युरो गेले. वीस मिनिटांत कारखानदाराचं उत्तर आलं, पोचले. मग बाकीचे गेले. शुक्रवारच्या बाराला अजून जवळजवळ एक दिवस शिल्लक होता. प्रोशेकची बाटली फिरली, आणि पेटी दोनदा उघडली म्हणून घोटही दोनदा झाले. याला मात्र कुणाची हरकत नव्हती. बार्बानं खिशातला कागद काढून विन्कासमोर फाडला. लुक्रित्सा गेली आणि परत आली ती पावाची अख्खी टोपली घेऊन. "आज करपला नाही," ती कुझ्माला म्हणाली. कुझ्मानं तोडून बघितला. थोडा करपला होता. पण तो गप्प राहिला, म्हणजे विचार करा.

"कुझे," विन्का जवळ येऊन हळूच म्हणाली, "पुढच्या आठवड्यात येरोलिमच्या जागी तुझी किल्ली परत लावू. पाच सेंट लागतात."

"काही नको," कुझ्मा म्हणाला. "पेटी जशी जन्मली तशी राहू दे. मला किल्ली कशाला? मला बहीण आहे."

विन्काचे डोळे भरले. तिला सोमवारपासून रडायला वेळच मिळाला नव्हता. तिनं नाक पुसलं आणि बंदराकडे बघितलं. दुपारची बोट दिसायला लागली होती. "खिडकी उघडायची आहे," म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. खाली रांगेत उभे असलेल्यांनी तिला वाट दिली, आणि कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

कुझ्मानं दगड संध्याकाळच्या आत परत बसवला. पोकळीत आधी डबी ठेवली. डबीत स्वतःची किल्ली. जुन्या नेटवर्कवरच्या रिकाम्या पेटीशिवाय ती आता कशालाच लागत नव्हती. येरोलिम चुना कालवून वर देत होता.

"कुझ्मा, उजवीकडे वाकडा बसलाय."

कुझ्मानं पाणसळ लावून बघितली. बुडबुडा बरोबर मधे.

"रेषभर नाही," तो म्हणाला. "आणि पत्ता आता दोन्ही गावांत खरा आहे. तिकडे सतरा नंबर, इकडेही सतरा नंबर. माझ्या बहिणीनं बांधलंय घर. असा दगड दाखव मला दुसरा."

येरोलिमनं घमेलं खाली ठेवलं. "दाखवला असता," म्हणाला, "पण जगात नाही."